पालकाचा रकाना

मुलीला शिकायला बाहेर पाठवायचं की नाही, हे लोक जेवताना ठरवतात. मी त्याची फाईल काढली. यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजूनही कळलेलं नाही, पण आमच्या गल्लीत लोक अजून हसतात, म्हणून एकदा सगळी हकीकत क्रमवार सांगून टाकतो.

मी नीळकंठ काळबांधे, सेवानिवृत्त बडे बाबू, मुक्काम बालाघाट. खात्याचं नाव सांगत नाही. खातं अजून चालू आहे आणि माझी पेन्शन तिथूनच येते. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर एकही चौकशी बसली नाही. कारण सोपं आहे, चौतीस वर्षांत मी एकाही कागदावर स्वतःचं मत लिहिलं नाही. 'उपरोक्त विषयांतर्गत लेख है कि' इथून सुरुवात करायची, मागचंपुढचं सगळं नमूद करायचं, आणि शेवटी 'प्रकरण आदेशार्थ प्रस्तुत' असं लिहून कागद वर सरकवायचा. माझ्या डोळ्यांदेखत अकरा साहेब आले आणि गेले, त्यातले दोन तर निलंबित होऊन गेले. मी मात्र निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन सरळ चालत घरी आलो.

तर जुलैच्या पहिल्या रविवारी आमची प्राची ताटावर बसल्या बसल्या म्हणाली की दिल्लीच्या विद्यापीठात तिचा नंबर लागला. विषय, भू-राजनीती आणि आंतरराष्ट्रीय संबंध. हे खूळ तिच्या डोक्यात तीन वर्षांपासून होतं. तिच्या खोलीत जगाचा नकाशा आहे आणि त्यावर रंगीत टाचण्या आहेत. कोणत्या समुद्रातून कोणाची जहाजं जातात आणि ती अडली तर कोणाच्या घरी दिवा लागत नाही, हे ती भाजी निवडता निवडता सांगते. बालाघाटपासून समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो मैल आहे. पण तिला त्याचं काही वाटत नाही.

"बाबा, तुम्ही काय म्हणता?" तिनं विचारलं.

मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "पाहू. आईले विचार."

"आईले विचारून झालं," सुनंदा म्हणाली, आणि तिनं मला न विचारता वरण वाढलं. मायलेकी दोघी माझ्याकडे पाहत होत्या. ऑफिसात अशी वेळ आली की मी चष्मा पुसायचो. मी चष्मा पुसला. पण घरात वर कागद सरकवायला साहेब नसतो, ही अडचण मला त्या दिवशी प्रथमच जाणवली.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून निळं कव्हर आणि लाल फीत आणली. पहिल्या पानावर विषय लिहिला: 'कु. प्राची काळबांधे को भू-राजनीति के अध्ययन हेतु दिल्ली भेजने बाबत'. मग पानांना क्रमांक टाकले. आता, ज्या विषयाची फाईल आहे त्या विषयाची टीप लिहिण्यापूर्वी विषय समजून घ्यायला हवा, हे मी नव्या पोरांना नेहमी सांगत असे. म्हणून मी प्राचीची पुस्तकं घेऊन चार दिवस ओसरीत बसलो. विषय वाटला तेवढा परका नव्हता. दोन मोठ्यांच्या मध्ये जो लहान देश असतो त्याला बफर म्हणतात, हे वाचून मला एकदम बरं वाटलं. आमच्या एका बाजूला दुलीचंदजी आणि दुसऱ्या बाजूला साहू, आणि नालीच्या पाण्यावरून त्यांची अठरा वर्षं बोलचाल बंद आहे. मी दोघांनाही सकाळी रामराम घालतो. हे मी मोठ्या अभिमानानं प्राचीला सांगितलं, तर ती म्हणाली की बाबा, पुस्तक पूर्ण वाचा, बफरले शेवटी कोणी विचारत नाही.

मी पुस्तक मिटलं आणि टीप लिहायला घेतली. साडेचार पानं झाली. त्यात शीतयुद्ध होतं, दिल्लीची थंडी होती, गोंदियाहून सुटणाऱ्या गाड्या होत्या, आणि शेवटी 'संबंधितों का अभिमत प्राप्त किया जाना उचित होगा' असं होतं. सोबत वसतिगृहाचा फॉर्म होता. त्या फॉर्मात पालकाच्या सहीच्या वर चांगला हातभर रकाना होता आणि त्यावर छापलं होतं, पालकाचं मत, स्वतःच्या अक्षरात आणि स्वतःच्या शब्दांत. सगळ्यांची मतं आली की त्यांचा गोषवारा तिथं लिहू, असा विचार करून मी तो कोराच फाईलीला लावला.

आणि त्यामागे, नियमाप्रमाणे, मी मूळ कागदपत्रं लावली. मार्कशीट, टीसी, मूल निवासीचा दाखला, सगळी अस्सल. प्राचीनं ती प्लास्टिकच्या एका फोल्डरात कशीतरी कोंबली होती. मी ती काढून, कोपरे जुळवून, टॅगला ओवली. मूळ प्रत नसलेली फाईल मी चौतीस वर्षांत कधी पुढं पाठवली नाही, ती घरच्या कामात कशी पाठवणार?

पहिलं अभिमत सुनंदाचं मागितलं. तिनं पेन हातात घेतलंच नाही. "मले जे सांगायचं ते मी तिले सांगतलं. फाईलीले काय सांगू?" असं म्हणून ती तिळाचे लाडू करायला गेली. तीळ जुलैत काहून, असं मी विचारलं. दिल्लीत थंडी असते, एवढंच उत्तर आलं. मी 'संबंधित द्वारा मौखिक अभिमत, स्पष्ट नहीं' अशी नोंद केली.

मग फाईल शेजारी गेली. दुलीचंदजी निवृत्त पटवारी आहेत आणि आपल्याला कोणी काही विचारलं की त्यांचा रक्तदाब उतरतो. सीमेचे झगडे शिकायला दिल्ली कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांच्यासोबत परसवाड्याला आठ दिवस बांधावर उभी राहिली असती तर हातभर जमिनीसाठी सख्खे भाऊ कसे तह करतात आणि कसे मोडतात, हे तिला फुकटात दिसलं असतं. पण अभिमत मात्र त्यांनी मनापासून दिलं. एक पूर्ण पान लिहिलं आणि सोबत हातानं काढलेला नजरी नक्शा जोडला. खाली बालाघाट, वर दिल्ली, मध्ये 'वन भूमि' आणि कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. शिफारस अशी की निर्णयापूर्वी कोणीतरी दिल्लीला जाऊन मौका मुआयना, म्हणजे जागेवर पाहणी, करावी, आणि ते स्वतः सध्या मोकळे आहेत.

त्यानंतर फाईल खैरलांजीला माझे मेहुणे टिकाराम यांच्याकडे पाठवली. बसच्या कंडक्टरकडे दिली, पोचपावती घेतली. मामाचं मत घेतल्याशिवाय भाचीला घराबाहेर पाठवणं बरं दिसत नाही. चार दिवसांनी टिकारामचा फोन आला की अभिमत लिहून झालं आहे, काळजी करू नका. मी निश्चिंत झालो. रोज सकाळी पेपर वाचायचा, प्राचीनं 'बाबा, काय ठरलं' विचारलं की 'प्रक्रियेत आहे' म्हणायचं, असं चाललं होतं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही गुटनिरपेक्ष हाय, ना इकडचे ना तिकडचे. पण बाबा, मी तुमच्या गुटातली हाय." मी त्यावरही चष्मा पुसला. आता लिहिताना त्याची लाज वाटते.

एकोणीस तारखेला दुपारी ती बॅग भरत होती. गाडी बावीसची, गोंदियाहून. चोवीसला दिल्लीत मूळ कागदपत्रं दाखवायची, नाही दाखवली तर जागा पुढच्याला.

"बाबा, माझे ओरिजिनल कुठी हायेत?"

"फाईलीत."

"अन् फाईल कुठी हाय?"

मी म्हणालो, "अभिमतार्थ." प्राची ओरडली नाही, रडली नाही. ती जगाच्या नकाशाकडे पाहत पलंगावर बसली, आणि तिच्या हातातला कुर्ता घडी घालायचा तसाच राहिला. सुनंदा माझ्याकडे पाहून फक्त म्हणाली, "जा."

टिकारामचा फोन लागत नव्हता, म्हणून वीस तारखेला सकाळी सातला मी मोटरसायकलवर खैरलांजीला निघालो. पाऊस नव्हता, चिखल मात्र सगळा होता. टिकाराम शेतात गुडघाभर पाण्यात उभा. रोवणी ऐन भरात, वीस बाया ओळीनं वाकलेल्या, आणि तो तिथूनच त्यांना भाताच्या रोपांच्या पेंढ्या फेकत होता. मी बांधावरून ओरडून फाईल विचारली. तो म्हणाला, "भाऊजी, आता रोवणी चालू हाय. दुपारी पाहू. बसा तोवर."

बसा तोवर. हे दोन शब्द मी आयुष्यात किती लोकांना म्हटले असतील, त्याचा हिशेब नाही. बांधावर बसायला दगडसुद्धा नव्हता. दुपारी एकला टिकाराम पाय धुऊन आला, मला आग्रहानं जेवू घातलं आणि मग सांगितलं की फाईल इथं नाहीच. त्यानं लिहिलं होतं, 'बिरसा के सुखराम गुरुजी की लड़की बाहर पढ़ी है, उनका अनुभव लिया जावे', आणि फाईल आपल्या मुलासोबत पुढं पाठवली. मुलगा म्हणजे प्रीतम, ज्याचं परसवाड्याच्या बाजारात बी-बियाण्याचं दुकान आहे. मी म्हणालो की हे फोनवर सांगता आलं असतं. टिकाराम मनापासून चकित झाला. "फाईल पुढं गेली हे फोनवर सांगत असतेत का? तुम्हीच तर त्या दिवशी म्हणत होते, गोपनीय हाय म्हणून."

तिथून परत बालाघाट, आणि बालाघाटवरून परसवाडा. कंबर वेगळं सांगत होती, मी वेगळं ऐकत होतो. प्रीतम दुकान बंद करण्याच्या बेतात होता. मला पाहून त्याचा चेहरा उजळला. त्यानं गल्ल्याखालून एक नवीकोरी वही काढली. "फुफाजी, तुमची फाईल हाय म्हणून मी आवक-जावक रजिस्टर बनवलं. पहा." पहिल्या पानावर एकच नोंद होती. आवक क्रमांक एक, तारीख सोळा. जावक क्रमांक एक, तारीख अठरा. वाहक, बिरसाची बस. आणि फाईलीत लिहिलेलं आपलं अभिमत त्यानं शेऱ्यातही उतरवून ठेवलं होतं, की दीदीनं जावं पण दिल्लीहून चांगल्या बियाण्याचे भाव पाठवत जावेत. मला त्याच्यावर रागावता येईना. खात्यात मला असा एक माणूस मिळाला असता तर मी तीन वर्षं आधी निवृत्त झालो असतो.

रात्र परसवाड्यात काढली, मोटरसायकल प्रीतमकडे ठेवली आणि एकवीसला पहाटेच्या बसनं बिरसाला निघालो. घाटात, साल आणि मोहाच्या झाडांतून बस वळत होती आणि माझ्या डोक्यात एकच विचार होता, गुरुजींनी पुढं कोणाकडे पाठवली नसेल ना. पुढं छत्तीसगड लागतं. तिकडं गेली म्हणजे प्रकरण खरोखरच आंतरराज्यीय झालं.

सुखराम गुरुजी घराच्या कौलांवर चढून फुटकी कौलं बदलत होते. सत्तरीचे, बारीक, पांढरी मिशी. मी खालूनच नाव सांगितलं. "वो फाइल वाले बाबूजी?" म्हणत ते शिडीवरून उतरले. त्यांनी आत जाऊन लोखंडी पेटी उघडली. फाईल तीन पिशव्यांत गुंडाळलेली, एका थेंबाचा डाग नाही. मी तिथल्या तिथे कागद मोजले. मार्कशीट, टीसी, मूल निवासी. मग मी त्यांच्या ओट्यावर बसलो.

गुरुजींनी पाणी दिलं, चहा दिला. मी सहज, सवयीनं, त्यांच्या अभिमताचं पान उलटलं. पान कोरं होतं. मी विचारलं, "गुरुजी, आपने कुछ लिखा नहीं?"

"मैं क्या लिखूँ?" ते म्हणाले. "सबका लिखा है बाबूजी. पड़ोसी का है, मामा का है, मामा के लड़के का भी है. बाप का खाना खाली है." आणि त्यांनी फाईलीतला वसतिगृहाचा फॉर्म माझ्यासमोर धरला.

मी म्हणालो की सगळ्यांची मतं आल्यावर भरणार होतो. गुरुजी हसले नाहीत. त्यांच्या मुलीला रायपूरला नर्सिंगला जायचं होतं तेव्हाची गोष्ट त्यांनी सांगितली. तेही सगळ्यांना विचारत फिरले होते, शाळेत, बाजारात, पाहुण्यांत. "आठ दिन घूमा. फिर एक दिन समझ में आया कि मैं राय नहीं पूछ रहा हूँ. मैं ढूँढ़ रहा हूँ कि कोई एक आदमी 'ना' बोल दे."

मी फाईल पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. साडेचार पानांची माझी टीप, नजरी नक्शा, रोवणीच्या घाईत लिहिलेलं मेहुण्याचं अक्षर. कोणीच 'ना' लिहिलं नव्हतं. आणि टिकारामचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा तेच विचारलं होतं, 'ना' लिहिलं का. पोरगी चार भिंतींच्या घरात जगाचा नकाशा लावून बसली आहे, आणि ती गेली की तो नकाशा पाहायला घरात आम्ही दोघंच उरणार, ही गोष्ट मी साडेचार पानांत कुठेही नमूद केली नव्हती. त्या ओट्यावर मला ते फार स्पष्ट दिसलं.

मी खिशातलं पेन काढलं. 'उपरोक्त विषयांतर्गत' एवढं मनात येऊन गेलं, सवय आहे. मग मी मराठीत लिहिलं. कागदावर मराठी मी शेवटची कधी लिहिली होती ते आठवत नाही. दोन वाक्यं झाली. हातभर रकाना, तो तसाच मोकळा राहिला. खाली सही केली आणि गुरुजींना काय लिहिलं ते हिंदीत सांगितलं. ते म्हणाले, "बस, इतना ही था." मग ते पुन्हा शिडी चढले, कारण ढग भरून येत होते.

बावीसला प्राची गेली. गोंदियाच्या फलाटावर दुलीचंदजीही होते, मौका मुआयन्याचा काही भाग तरी आपल्याकडून व्हावा म्हणून. लाडवांचा डबा, फोल्डर, छत्री, सगळं मोजून दिलं. फॉर्मचा रकाना मी तिला दाखवला नाही आणि तिनं विचारलंही नाही. गाडी हलली तेव्हा ती दारात उभी राहून हात हलवत होती आणि मी चष्मा पुसत होतो. या वेळी त्याचं कारण वेगळं होतं.

चोवीसला दुपारी मी ओसरीत बसलो होतो. सुनंदा सुपात तांदूळ निवडत होती. अनोळखी नंबरावरून फोन आला. दिल्लीच्या वसतिगृहाच्या कार्यालयातले कोणी बाबू होते. आवाजावरूनच मी माणूस ओळखला, समोर फायलींचा गठ्ठा असणार आणि जेवणाची सुट्टी दहा मिनिटांवर आलेली असणार.

ते म्हणाले की कागदपत्रं बरोबर आहेत, पण पालकाच्या रकान्यात एक अडचण आहे. रकाना मराठीत आहे आणि मुलीनं त्यांना अर्थ सांगितला आहे. "पहला वाक्य ये है कि लड़की होशियार है, जाने दिया जाए. ठीक है, सहमति हो गई. दूसरा वाक्य है कि मुझे उसके बिना अच्छा नहीं लगेगा, पर वो मुद्दा अलग है. अब बताइए, इसको मैं कहाँ डालूँ? मेरे पास दो ही खाने हैं. सहमति और आपत्ति."

माझ्या जिभेवर आलं होतं, जैसा आप उचित समझें. चौतीस वर्षं हेच वाक्य तिथं राहत होतं. सुनंदाचा हात सुपात थांबला होता.

"आपत्ति नहीं है साहब," मी म्हणालो. "बस, दर्ज कर लीजिए."

पलीकडून शिक्का मारल्याचा आवाज आला, एकदा आणि पुन्हा एकदा. आणि मग फोनवर प्राची होती. ती तिथंच खिडकीशी उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

"बाबा."

"हौ."

"मले बी नाही करमत हो इथं. हे बी दर्ज करा."

मी हौ म्हणालो. निळी फाईल कपाटातून काढली, पुढचा पान क्रमांक टाकला, तारीख टाकली, आणि लिहून घेतलं.